पांढरी दोनमधले चौघे: क्लॅरिनेट, व्हायोलिन, पेटी आणि घुमट

१५ जानेवारी १९४१ रोजी नाझी जर्मनीतल्या ग्योर्लित्सच्या युद्धकैदी छावणीत फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँचं 'काळाच्या अंतासाठी क्वार्टेट' पहिल्यांदा वाजलं. क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो. आज हा संच जगभर रूढ झाला आहे, पण तेव्हा तो कुणी हौसेने निवडलेला नव्हता. छावणीत एक क्लॅरिनेटवाला होता, एक व्हायोलिनवाला, एक चेलोवाला, आणि पियानोवर मेसियाँ स्वतः बसला. जे हाताशी होते त्यांच्यासाठी संगीत लिहिलं गेलं. त्याआधी १९१८ मध्ये रशियन संगीतकार स्त्राविन्स्कीने 'सैनिकाची गोष्ट' फक्त सात वाद्यांवर रचली, तीही युद्धाच्या चणचणीतून. मात्र ही सात निवडताना त्याने एक शहाणपण केलं. फुंकीच्या, पितळी आणि तंतुवाद्यांतून एक उंच आणि एक खालचं असं प्रत्येकी जोडपं घेतलं, आणि सातवा तालवाद्यवाला. वाद्यं कमी असली तरी वरपासून खालपर्यंत आवाजात भोक पडत नाही, ते यामुळे.

गोव्यात आपल्या हाताशी कोण आहे? फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, वाजणाऱ्या गावच्या बँडमध्ये बी-फ्लॅट क्लॅरिनेट असतं. मेस्ताकडे (चर्चच्या संगीतशिक्षकाकडे) सोल्फेजो, म्हणजे सूर वाचून गायचे धडे, गिरवलेला व्हायोलिनवादक चर्चच्या कॉयरमध्ये असतो. भजनी मंडळात पेटी असते. आणि चवथीला ज्या घरात घुमट, म्हणजे चामडं मढवलेलं मातीचं तालवाद्य, उतरवलं जात नाही असं घर आमच्याकडे शोधावं लागेल. यातलं व्हायोलिन आणि घुमट तर मांडोत, म्हणजे गोव्याच्या कोंकणी नृत्यगीतांत, एकोणिसाव्या शतकापासून शेजारी बसतात. त्यामुळे हा संच विचित्र वाटेल तो बाहेरच्यांना. आपल्याकडे नाही ते एवढंच, की या चौघांच्या वाद्यांचा बारीक विचार करून सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहिलेलं संगीत. फ्यूजनमध्ये प्रत्येक जण आपापलं येतं ते वाजवतो आणि ठेक्यावर सगळं निभावतं. इथे ते चालत नाही. लिहिणाऱ्याला प्रत्येक वाद्याची दुबळी जागा माहीत हवी, कारण चारच वाद्यं असताना लपायला जागा नसते.

आठ-दहा मिनिटांची एक रचना या चौघांसाठी कशी लिहावी आणि कशी बसवावी, ते खाली लिहितो.

सा कुठे धरायचा

पहिला वाद इथेच होतो. पेटीवाला काळी एक म्हणेल, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी (सी-शार्प) सा धरायला सांगेल, कारण गायकांना साथ करून त्याचा हात तिथे बसलेला असतो. काळी एक घेतली तर व्हायोलिनच्या चारपैकी एकही मोकळी तार सा किंवा प होत नाही. वाद्याचा निम्मा घुमारा तिथेच संपतो. व्हायोलिनवाला पांढरी पाच (जी) मागेल, कारण सर्वांत खालची तार सा आणि तिच्या वरची प होते. क्लॅरिनेटला मात्र पांढरी पाच घातक आहे, आणि त्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे.

क्लॅरिनेटच्या नळीत एक सांधा आहे. खालचा प्रदेश, ज्याला शालुमो म्हणतात, भरीव आणि काळसर वाजतो. वरचा क्लॅरिअन प्रदेश उजळ आणि टोकदार. या दोहोंच्या मध्ये लिखित जी ते बी-फ्लॅट एवढे सूर असे आहेत, की ते वाजवताना जवळजवळ सगळी भोकं मोकळी असतात. नळी आखूड राहते आणि सूर पोकळ, धुरकट येतो. बी-फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतं, म्हणून प्रत्यक्षात हे सूर एफ, एफ-शार्प, जी आणि जी-शार्प. पांढरी पाचमध्ये हेच दोन्ही निषाद, सा आणि कोमल रिषभ होतात. म्हणजे ज्या सा वर येऊन थांबायचं, तोच वाद्याचा सर्वांत अशक्त सूर!

पांढरी दोन (डी) घ्या. व्हायोलिनच्या मधल्या दोन मोकळ्या तारा सा आणि प होतात, सर्वांत खालची तार मंद्र मध्यम. क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा सूर लिहिताना ई असतो आणि वाजतो डी, म्हणजे नेमका मंद्र षड्ज. या संचात चेलो नाही, बास नाही. सुरेल खर्ज देणारं दुसरं कुणी नाही. त्यामुळे क्लॅरिनेटचा हा तळाचा सा हाच आपला पाया. स्त्राविन्स्कीच्या जोड्यांचा हिशोब लावला, तर आपल्याकडे एकाच वादकाला उंच आणि खोल अशा दोन्ही भूमिका कराव्या लागतात, आणि क्लॅरिनेट त्या करू शकतं. त्याचा पट साडेतीन सप्तकांहून मोठा आहे.

किंमत मोजावी लागतेच. पांढरी दोनमध्ये ते चार अशक्त सूर मध्य सप्तकातले दोन्ही गंधार आणि दोन्ही मध्यम होतात, आणि मध्यमावरून पंचमावर जाताना बोटं जवळजवळ सगळी मोकळी असतात ती एकदम सगळी दाबावी लागतात. 'ग म प म ग' अशी साधी सरळ ओळ क्लॅरिनेटला दिली, तर कसलेल्या हातातही ती अडखळते किंवा रंग बदलते. ती व्हायोलिनला द्या. क्लॅरिनेटला मंद्र सप्तक द्या, किंवा पंचमापासून वर. धुरकट गंधार मुद्दाम हवा असेल तर हळू, एकट्याने आणि लांब ठेवून मागा. तेव्हा तो फार सुंदर लागतो. दुसरी किंमत कागदावरची: क्लॅरिनेटच्या पानावर सा हा ई म्हणून येतो. शुद्ध स्वरांचं सप्तक असेल तर चार शार्प. बँडवाल्यांना फ्लॅटची सवय असते, त्यामुळे पान आठवडाभर आधी पोचतं करा.

पेटी काय मागते

पेटीचा सूर हलत नाही, म्हणून बाकीच्यांनी पेटीला मिळवायचं. हे सगळ्यांना माहीत असतं. तपासायचं राहतं ते हे, की पेटी मुळात कुठे आहे. मोबाइलवरच्या ट्यूनरवर मध्य सप्तकातली पांढरी सहा (ए) पाहा. ती ४४० ते ४४२ हर्ट्झमध्ये असेल तर निर्धास्त राहा. जुन्या पेट्या याच्या वर किंवा खाली सापडतात. खाली असेल तर क्लॅरिनेटचं बॅरल (मुखाखालचा छोटा तुकडा) थोडं बाहेर ओढून जमवता येतं, पण जास्त ओढलं की आखूड नळीचे सूर, म्हणजे तेच अशक्त चार, बाकीच्यांपेक्षा अधिक उतरतात. पेटी ४४४-४४५ ला असेल तर क्लॅरिनेटला वर चढायला जागाच नसते. आखूड बॅरल लागतं. ते नसेल तर पेटी बदला. तालमीच्या दुसऱ्या आठवड्यात हे कळण्यापेक्षा पहिल्या दिवशी पाच मिनिटं घालवलेली बरी.

आता गंधार. पेटी समान अंतराच्या सप्तकात लावलेली असते. एका अर्धस्वराचे शंभर सेंट धरले, तर पेटीचा शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर, आणि कानाला निखळ लागणारा गंधार ३८६ वर. चौदा सेंटचा फरक. व्हायोलिनवाला कानाने गंधार लावतो, पेटी तोच गंधार धरून बसते, आणि पांढरी दोनच्या मध्य सप्तकात सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे ऐकू येतात. कोमल गंधाराला उलटं: निखळ सूर पेटीपेक्षा सोळा सेंट वर. पंचमात मात्र फक्त दोन सेंटचं अंतर, ते कुणाला जाणवत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती याच बांधलेल्या सुरांच्या वादातून, आणि ती काही दशकं टिकली. बंदी चुकीची होती असं माझं ठाम मत आहे, पण कानाची तक्रार खोटी नव्हती.

यावरचा उपाय लिखाणात आहे. पेटीला लांब धरायला सा, प, फार तर म आणि रे द्या. गंधार आणि धैवत तिच्याकडे आले तर ते चालते असावेत, एका मात्रेपेक्षा जास्त थांबू नयेत. लांब गंधार व्हायोलिन किंवा क्लॅरिनेटचा. आणि कधी तो हेलकावाच हवा असेल, तर दोघांना मुद्दाम एकाच गंधारावर आणून थांबवा आणि पानावर तसं लिहा: 'डोल राहू द्या'. नाहीतर चांगला व्हायोलिनवादक शहाणपणाने सूर सरकवून तो डोल पुसून टाकेल.

आवाजाचा प्रश्न सुराहून सोपा आहे. पेटी नेमकी व्हायोलिन आणि क्लॅरिनेटच्याच पट्ट्यात बोलते आणि दोघांना झाकते. पेटीतल्या जिभळ्यांच्या (रीडच्या) तीन ओळींपैकी एकच उघडी ठेवा, दोन स्वरांपेक्षा जास्त एकावेळी देऊ नका. हातपेटीवाल्याचा एक हात भात्यावर असतो हे पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेले लोक लिहिताना विसरतात आणि दोन हातांचं लिहून बसतात. दोन हात हवेच असतील तर संगीत नाटकात वाजायची ती पायपेटी शोधा. ती मिळाली तर खरोखर भाग्य.

भात्याचा श्वास हा पेटीचा सर्वांत कमी वापरलेला गुण आहे. रशियन संगीतकार सोफिया गुबाइदुलिनाने १९७८ मध्ये 'दे प्रोफुन्दिस' ही रचना बायानसाठी, म्हणजे रशियन बटणांच्या अकॉर्डियनसाठी लिहिली. त्यात भात्याची नुसती हवा, त्याचा कंप, त्याचं दमणं, हे सगळं संगीताचा भाग आहे. आपल्या पेटीवाल्यांनी ती रचना ऐकावीच. पेटीवर यातलं बरंच जमतं. पट्टी अर्धीच दाबली तर सूर दबका आणि किंचित खाली येतो. भाता सावकाश सोडत नेला तर सूर विरतो. स्वरलेखनाखाली भात्याच्या खुणा घाला: कुठे भरायचा, कुठे न भरता संपू द्यायचा. भाता जोरात दिला तर सूर केसभर उतरतो. क्लॅरिनेटही जोरात फुंकलं की उतरतं आणि हळू फुंकलं की चढतं. व्हायोलिन मात्र जागेवर. म्हणून मोठ्या आवाजाच्या जागी व्हायोलिन चढलं असं सगळ्यांना वाटतं आणि तो बिचारा विनाकारण बोलणी खातो.

घुमट

घुमट हे भाजलेल्या मातीचं मडकं. दोन तोंडं, मोठ्यावर चामडं, लहान मोकळं. उजवा हात चामड्यावर, डाव्याचा तळवा मोकळ्या तोंडावर. तळवा जवळ नेला की आतली हवा कोंडते आणि घुमार खाली वाकतो, काढला की मोकळा होतो. २०१९ मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. पूर्वी घोरपडीचं चामडं लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय आहे, त्यामुळे आता बकरीचं. कायदा योग्यच आहे. पण लिहिणाऱ्याने ध्यानात घ्यावं, की बकरीचं चामडं जाड असतं, त्यावर बारीक जलद बोटांची कामं स्पष्ट उमटत नाहीत. तबल्यासारखे 'तिरकिट' लिहाल तर चिखल होईल. घुमटाचं सौंदर्य खोल ठोका आणि कडेचा कोरडा ठोका यांच्यातल्या अंतरात आहे, आणि डाव्या हाताच्या वाकण्यात.

घुमटाला तबल्यासारखे गट्टे नाहीत. हातोडीने सूर चढवता येत नाही. चामडं तापलं, सुकलं की ताणतं. दमट झालं की पडतं. ऊन असेल तर दहा-पंधरा मिनिटं उन्हात, नसेल तर दिव्याच्या किंवा निखाऱ्याच्या उबेवर, पण हात सहज धरवेल एवढ्या अंतरावर. फार जवळ नेलं की चामडं कडेला, जिथे दोरीने आवळलेलं असतं तिथे फाटतं. आणि जुलैच्या हवेत, वातानुकूलन नसलेल्या मंडपात, तापवलेलं घुमट पाव तासात पुन्हा पडायला लागतं. म्हणून दोन घुमटं न्या. रचनेच्या मध्यावर घुमटवाल्याला दीड मिनिटाची शांतता लिहून द्या, म्हणजे तो घुमट बदलू शकेल. ही शांतता कागदावर असावी लागते. ऐनवेळी काढता येत नाही.

घुमटाचा सूर सा ला लागला पाहिजे असा आग्रह धरू नका, लागत नाही आणि गरजही नाही. एवढंच पाहा, की त्याचा घुमार सा च्या अर्धस्वर वर किंवा खाली येत नाहीये ना. तसा आला तर क्लॅरिनेट मंद्र सा वर हळू असताना तळाशी काहीतरी कुरकुरत राहतं आणि नेमकं काय बिघडलंय ते कुणालाच सांगता येत नाही. घुमट निवडायला जाताना क्लॅरिनेटवाल्याला सोबत न्या. तो तळाचा सा धरेल, तुम्ही एकेक घुमट वाजवून पाहा.

सुंवारीत, म्हणजे घुमटांच्या पारंपरिक वादनात, घुमटाबरोबर शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कांसाळीही (काशाच्या झांजा) असतात. मोह होतो. शामेळ चालेल, पण कांसाळीचा नाद लांब टिकतो आणि व्हायोलिनचे वरचे सूर खाऊन टाकतो. संपूर्ण रचनेत कांसाळीचा एकच ठोका ठेवा, आणि तो विरेपर्यंत कुणी काही वाजवू नये.

एकत्र सुरू होणं

चारही वाद्यं एकाच मात्रेवर लिहिली तरी ती एकत्र ऐकू येत नाहीत. घुमटाचा आवाज हात पडताच पूर्ण उठतो. पेटीच्या खालच्या सप्तकातली लांब जिभळी हलायला वेळ घेते. क्लॅरिनेट आणि व्हायोलिन शून्यातून सूर काढू शकतात, आणि मृदू सुरुवात मागितली तर तसंच करतात. परिणाम: घुमट घाई करतंय असं वाटतं. घुमटवाल्याला 'थांब जरा' सांगून हे सुटत नाही, कारण मग तो प्रत्येक ठिकाणी थांबायला लागतो.

दोन मार्ग आहेत. पेटीचा खर्ज आधीच्या मात्रेच्या शेवटी, अगदी हळू, सुरू करून ठेवायचा आणि समेवर भाता द्यायचा. किंवा सम घुमटाला एकट्याला द्यायची आणि बाकी तिघांनी त्या ठोक्याच्या पोटातून उगवायचं. दुसरा मार्ग मला जास्त प्रिय आहे. घुमटाचा नाद सेकंदभरही टिकत नाही, आणि तो संपायच्या आत व्हायोलिनचा प त्यातून वर आला, तर मातीलाच सूर फुटल्यासारखं वाटतं. देब्यूसीने १९१५ च्या बासरी, व्हायोला आणि हार्पच्या सोनाटात आधी ओबो योजला होता, मग बदलून व्हायोला घेतला. बासरीत मिसळणारा आणि हार्पच्या छेडीमागून नाद लांबवणारा आवाज व्हायोलाकडे आहे. कोणाचा नाद कुठे संपतो आणि तो पुढे कोण नेतो, हे ठरवणं म्हणजेच अशा संचासाठी लिहिणं.

पंधरा पोत

चार वाद्यांतून चार एकटी, सहा जोड्या, चार तिकड्या आणि एक पूर्ण संच: एकूण पंधरा पोत. नवखा लिहिणारा पंधरावा घेऊन बसतो आणि दहा मिनिटं सोडत नाही. मेसियाँच्या आठ भागांपैकी फक्त चारांत चौघे आहेत. एक भाग क्लॅरिनेट एकट्याचा, एक पियानोशिवाय तिघांचा, दोन भाग पियानो आणि एका तंतुवाद्याचे. आणि सहाव्या भागात चौघेही एकच ओळ एकसुरात वाजवतात! चार वेगळ्या जातींची वाद्यं एकसुरात आली की जो पाचवाच रंग तयार होतो, तो आपल्या संचातही मिळतो. क्लॅरिनेट मंद्रात, व्हायोलिन आणि पेटी मध्य सप्तकात, घुमट त्याच लयीच्या अक्षरांवर. शोनबर्गने १९१२ च्या 'पिएरो ल्युनेर' मध्ये पाच वादकांच्या हाती आठ वाद्यं दिली आणि २१ गाण्यांत मेळ बदलत ठेवले. तोच धडा.

मेसियाँकडून घ्यायची आणखी एक गोष्ट आपल्या घरचीच आहे. पहिल्या भागात पियानोच्या लयीत त्याने रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे देशी ताल वापरले. ते शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर'मधल्या १२० देशी तालांच्या यादीतले. शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी होता. म्हणजे दौलताबादच्या पायथ्याशी लिहिलेला ताल सातशे वर्षांनी युरोपातल्या छावणीत वाजला. पियानोची ती लय १७ मूल्यांची आहे आणि स्वरसमूह २९, त्यामुळे दोन्ही चक्रं पुन्हा एकत्र यायला ४९३ पावलं लागतील. भाग त्याच्या कितीतरी आधी संपतो.

हे लहान प्रमाणात करून पाहा. घुमटाला रूपकाच्या सात मात्रा, पेटीला पाच जोडस्वर, प्रत्येक एक मात्रेचा. दोघे पुन्हा एकत्र येतील ३५ मात्रांनी, म्हणजे पाचव्या आवर्तनाच्या शेवटी. मिनिटाला साठ मात्रांची लय असेल तर ३५ सेकंद. ऐकणाऱ्याला चक्र कळत नाही, पण काहीतरी फिरतंय आणि परत येणार आहे हे कळतं. वर व्हायोलिनला कुठल्याही आवर्तनाशी न बांधलेली लांब ओळ द्या. इथे बिघडतं ते पेटीवाल्याचं: त्याचा हात सवयीने सातव्या मात्रेला सा वर परततो. पाच जोडस्वरांची ओळ आधी घुमटाशिवाय पन्नास वेळा वाजवून घ्या.

कागद

क्लॅरिनेट आणि व्हायोलिन पाच रेघांवर वाचतात, पेटी भातखंडे पद्धतीत, घुमटवाला बहुधा बोलांवर. चौघांना एका लिपीत आणायचा हट्ट सोडा. एकच मुख्य पान करा. वर पाच रेघा, त्याखाली स्वराक्षरं, त्याखाली घुमटाची एक रेघ, आणि तालाचे विभाग सगळीकडे एकाच उभ्या रेषेत. घुमटाच्या रेघेवर तीन खुणा पुरतात: खोल, कडेचा, आणि डावा हात वाकवायचा तो. बोल तुम्ही लादू नका. वादकाला विचारून त्याचेच त्या खुणांखाली लिहा. म्यूझस्कोर हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात स्वराक्षरं गीताच्या ओळीसारखी खाली टाकता येतात. कोमलाची अधोरेषा आणि सप्तकाचे टिंब मात्र छापल्यावर एकेक तपासा. एक टिंब गळलं की पेटी सप्तकभर वर किंवा खाली जाते.

पान उलटायला कुणाचाही हात मोकळा नसतो. भात्याचा हात, पट्ट्यांचा हात, घुमटाचे दोन्ही. दर तिसऱ्या पानाच्या शेवटी त्या वादकाला चार सेकंदांची विश्रांती येईल अशी पानं तोडा.

ज्यांनी असं काही कधीच वाजवलं नाही त्यांना पहिल्या दिवशी वाद्य हातात घेऊ देऊ नका. स्टीव्ह राइशच्या १९७२ च्या 'क्लॅपिंग म्युझिक'ला फक्त चार हात लागतात. बारा मात्रा: तीन टाळ्या, एक रिकामी, दोन टाळ्या, रिकामी, एक टाळी, रिकामी, दोन टाळ्या, रिकामी. पहिला हे शेवटपर्यंत तसंच ठेवतो. दुसरा काही आवर्तनांनंतर एक मात्रा पुढे सरकतो, मग आणखी एक, अशी बारा सरकणी झाल्यावर दोघे पुन्हा एकत्र. मूळ सूचनेप्रमाणे प्रत्येक जागी बारा आवर्तनं, शिकताना चार पुरेत. चूक ठरलेली असते: सरकलेला वादक तीन टाळ्यांच्या सुरुवातीला आपली नवी सम मानतो आणि दोन समा तयार होतात. सम दोघांची एकच, टाळ्यांचा आकार तेवढा फिरलेला. आपल्या भजनातल्या माणसाला हे एकदा सांगितलं की पटकन पटतं, कारण सम जपणं त्याच्या रक्तात आहे. व्हायोलिनवाल्याला जास्त वेळ लागतो.

जागा, बैठक, दिवस

पहिली तालीम दोन तासांची, आणि तीत चौघांनी एकत्र वाजवायचं नाही. सहा जोड्या, प्रत्येकीला वीस मिनिटं. व्हायोलिन–क्लॅरिनेट सुरासाठी, पेटी–घुमट लयीसाठी, आणि सर्वांत अवघड क्लॅरिनेट–घुमट, कारण दोघांमध्ये धरायला काहीच समान नसतं. दहा मिनिटांच्या रचनेला अशा सहा तालमी धरा. भाद्रपदात घुमटवाला मिळणार नाही आणि डिसेंबरात बँडवाला. तारीख आधी यावर बेता.

पावसाळ्यात व्हायोलिनच्या खुंट्या फुगून अडकतात, थंड कोरड्या हॉलमध्ये त्याच सुटतात. खुंटीला लावायची पेस्ट पिशवीत ठेवा. पेटीची एखादी पट्टी सोडली तरी सूर चालूच राहतो, कारण झडपेचं चामडं दमट होऊन नीट बसत नाही. पट्टी दोन-तीनदा झटकन सोडून पाहा, नाही जमलं तर वरची फळी काढून झडपेखालची धूळ पुसा. क्लॅरिनेटमधली हवा एक अंश थंड झाली की सूर साधारण तीन सेंट उतरतो. वाजत असताना श्वासाने नळी गरम राहते, पण दोन मिनिटं गप्प बसलेलं क्लॅरिनेट वातानुकूलित हॉलमध्ये पहिल्याच सुराला खाली लागतं. विश्रांतीतही आवाज न करता गरम श्वास नळीत सोडत राहायला सांगा.

जागेचं म्हणाल तर जुन्या गोव्यातल्या मोंतच्या कपेलासारखी, म्हणजे टेकडीवरच्या छोट्या चर्चसारखी, दगडी कमानींची जागा क्लॅरिनेट आणि व्हायोलिनला स्वर्ग आहे, पण घुमटाचे ठोके तिथे एकमेकांवर चढतात. एक टाळी वाजवून ती विरायला किती वेळ लागतो पाहा. दोन सेकंदांच्या वर गेला तर लय दहा टक्के उतरवा आणि घुमटाच्या खोल ठोक्यांपैकी निम्मे गाळा. देवळाच्या सभामंडपात उलट होतं, आवाज बाजूंनी निघून जातो. तिथे चौघांना भिंतीला पाठ करून बसवा. शंभर-दीडशे श्रोत्यांपर्यंत माइक नको. उघड्यावर लागलाच तर चौघांच्या डोक्यावर दोनच, प्रत्येकाच्या तोंडाशी एकेक नाही, आणि घुमटाच्या लहान तोंडासमोर तर मुळीच नाही. पंखे बंद. पंख्याने पानं उडतात, आणि हळू जागी त्याची घरघर घुमटाच्या घुमारासारखीच वाटते.

पेटीवाला आणि घुमटवाला मांडी घालून बसतात, दुसरे दोघे खुर्चीवर. डोळ्यांत चाळीसेक सेंटीमीटरचं अंतर पडतं आणि खुणा चुकतात. बसणाऱ्यांखाली तेवढ्याच उंचीचा चौथरा करा. चौघे अर्धवर्तुळात, व्हायोलिन आणि घुमट दोन टोकांना म्हणजे एकमेकांना समोरासमोर दिसतील, कारण रचनेच्या बहुतेक सुरुवाती त्यांच्यातच ठरतात.

कार्यक्रम साडेसहाचा असेल तर पाचला पेटी मंचावर ठेवा, उघडी. तिने खोलीची हवा घेतली पाहिजे. साडेपाचला क्लॅरिनेट आणि व्हायोलिन पेटीच्या पांढरी सहाला मिळवा, मग पांढरी दोनला तपासा. सहाला पहिलं घुमट उबेला, सव्वासहाला दुसरं. साडेसहाला दोन मिनिटं असताना घुमटवाला चामड्यावर बोट टेकवून एकच हळू ठोका देईल, क्लॅरिनेट तळाचा सा धरेल. खाली काही कुरकुरलं नाही, की दिवे मंद करा.